देश दाखवायला हाडं, घागरी आणि धुकं कशाला? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात कलेच्या पानावर एक फोटो छापला होता. हळदी रंगाची भिंत, तिच्यावर फळ्याच फळ्या आणि त्या फळ्यांवर हाडांसारखी दिसणारी इंग्रजी अक्षरं. खाली इतकंच लिहिलं होतं की हे मुंबईच्या जितीश कल्लाट ह्यांचं 'पब्लिक नोटीस २' आहे आणि त्यात गांधीजींचं एक भाषण आहे. एवढ्यावर पत्रं आली, मेल आले, व्हॉट्सॲपवर लांबलचक व्हॉइस नोट आल्या, काहींनी शिव्याही घातल्या. शिव्या छापत नाही, प्रश्न घेतलेत. दोघातिघांनी नाव छापू नका म्हणलं म्हणून मग सगळ्यांचीच फक्त गावं दिलीत.

प्रश्न: मी ३४ वर्षं इतिहास शिकवला. गांधीजींचं भाषण सरळ फळ्यावर लिहिलं असतं तर वाचता तरी आलं असतं. हाडांची अक्षरं करून काय मिळालं? (निवृत्त शिक्षक, कराड)

सर, तुमचा राग मला कळतोय, पण एक सांगा, फळ्यावर लिहिलेलं किती पोरांनी वाचलं असतं? दांडी म्हणलं की मीठ, आणि मीठ म्हणलं की दोन मार्क, एवढंच आपल्या सगळ्यांच्या डोक्यात उरलंय. हे भाषण ११ मार्च १९३० चं, म्हणजे यात्रा निघायच्या आदल्या संध्याकाळचं, साबरमतीच्या काठावरचं. दुसऱ्या दिवशी ७८ जणांना घेऊन निघायचंय आणि त्याआधीच पोलीस उचलून नेतील अशी सगळ्यांचीच अटकळ, त्यामुळे त्या भाषणात बराचसा भाग सूचनांचाच आहे, म्हणजे मला पकडलं तर काय करायचं, आम्हा सगळ्यांनाच पकडलं तर काय करायचं, आणि काहीही झालं तरी हात उचलायचा नाही. उद्या आपण इथे नसू असं धरून चाललेला माणूस बोलतोय.

आता ती अक्षरं बघा. फायबरग्लासची ४,४७९ अक्षरं आहेत आणि एकेक अक्षर हाडाच्या आकाराचं. लांबून बघितलं तर मजकूर दिसतो, वाचता येतो, आणि जवळ गेलात की वाचणं थांबतं आणि उत्खननात सापडलेली हाडं नंबर लावून मांडून ठेवलीत असं वाटायला लागतं. तुम्ही मागेपुढे सरकत राहता. आपल्याकडे महापुरुषाची हाडं म्हणजे अस्थी, त्यांची पूजा होते, आणि दंगलीनंतर सापडलेली हाडं म्हणजे पुरावा, त्यांचा पंचनामा होतो. ह्या भिंतीवर दोन्ही एकाच वेळी आहेत आणि कुठलं घ्यायचं ते कल्लाट सांगत नाहीत. मला हे आवडतं.

ह्याच्या आधीचं पहिलं 'पब्लिक नोटीस' २००३ चं. त्यात नेहरूंचं १४ ऑगस्ट १९४७ च्या मध्यरात्रीचं भाषण होतं. ॲक्रिलिकच्या आरशांवर रबराच्या गोंदाने ते हाताने लिहिलं आणि मग पेटवलं. गोंद जळाला, अक्षरं काळी झाली, उष्णतेने आरसा वाकडा झाला, आणि समोर उभं राहिलं की वाचणाऱ्याचंच तोंड वेडंवाकडं दिसतं. २००२ चं गुजरात नुकतंच घडून गेलं होतं. भाषण जाळलं म्हणून बोंब मारायला हरकत नाही, पण त्या आरशात कोण दिसतंय तेही बघायला पाहिजे ना.

तिसरं मात्र मला थोडं अतिहुशार वाटतं. २०१० साली शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटच्या जिन्यावर, ११८ पायऱ्यांच्या उभ्या बाजूंवर, विवेकानंदांचं ११ सप्टेंबर १८९३ चं भाषण दिव्यांनी लिहिलं, आणि दिव्यांचे पाच रंग म्हणजे अमेरिकेने ११ सप्टेंबर २००१ नंतर काढलेल्या धोक्याच्या इशाऱ्याचे पाच रंग. भाषण झालं तेही ह्याच संस्थेच्या इमारतीत. कल्पना जबरदस्त आहे, पण कोणी सांगितल्याशिवाय ती रंगाची भानगड आपल्याला कळणार नाही. तिकडच्या लोकांना चटकन कळली असणार म्हणा, विमानतळावरच्या रांगांमध्ये ते रंग बघून बघून त्यांचे डोळे दुखले होते.

आणि सर, एक तुमच्यासाठी. २३ जुलै १९३९ ला गांधीजींनी वर्ध्याहून हिटलरला एक छोटंसं पत्र लिहिलं होतं, सुरुवातच 'प्रिय मित्रा' अशी. युद्ध थांबवू शकेल असा जगात आज एकच माणूस आहे आणि तो तुम्ही, असा त्यातला मुद्दा. पत्र पोचलंच नाही, ब्रिटिश सरकारने जाऊ दिलं नाही, आणि १ सप्टेंबरला पोलंडवर हल्ला झाला. कल्लाट ह्यांनी २०१२ मध्ये हे पत्र अंधाऱ्या खोलीत धुक्याच्या पडद्यावर प्रोजेक्ट केलं. अक्षरं खालून वर सरकत जातात, आणि पलीकडे जायचं तर तुम्हाला त्या धुक्यातून, म्हणजे त्या पत्रातूनच, चालत जावं लागतं. तुम्ही गेलात की अक्षरं तुमच्या शर्टावर आणि तोंडावर फुटतात आणि तुमच्या मागे परत जुळतात. व्हेनिस बिएनाले म्हणजे दर दोन वर्षांनी भरणारं जगभरातल्या कलेचं प्रदर्शन, २०१९ ला तिथे भारताच्या दालनात हे होतं. चार ओळींच्या पत्रासाठी एवढं सगळं, असं तुम्ही म्हणाल. पण वर्ध्यातून निघालेलं आणि कुठेच न पोचलेलं पत्र ह्याहून चांगलं कसं दाखवायचं ते मला तरी सुचत नाही.

प्रश्न: ह्या लोकांना देशाचं सगळं वाईटच का दिसतं? दंगल, फाळणी, जात. अभिमान वाटावा असं एकही काम नाही का? (डोंबिवली)

आहे की. व्हेनिसच्या त्याच दालनात, गांधीजींच्या १५० व्या जयंतीनिमित्त भरलेल्या, बंगालचे चित्रकार नंदलाल बोस ह्यांची हरिपुरा पोस्टर होती. १९३८ च्या हरिपुरा काँग्रेससाठी गांधीजींच्या सांगण्यावरून केलेली. त्यात नेते नाहीत, ढोलकी वाजवणारा आहे, सुतार आहे, चांभार आहे, दळण-कांडण करणाऱ्या बाया आहेत, सगळे जाड रेषेत आणि मातीच्या रंगात. आणि हरिपुऱ्याच्या आधी काय झालं ते आपल्या खानदेशातल्या लोकांनी तरी सांगायला पाहिजे: डिसेंबर १९३६ मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलंच, आणि तिथली सजावट नंदबाबूंचीच, बांबू वगैरे गावात मिळणारं साहित्य वापरून. भारी प्रकरण आहे, फैजपूरच्या केळ्यांइतकं तरी गाजायला हवं होतं.

पुढे संविधानाच्या मूळ हस्तलिखित प्रतीतली चित्रं त्यांनी आणि शांतिनिकेतनच्या त्यांच्या विद्यार्थ्यांनी केली. निवडणुकांच्या भागात शिवाजी महाराज आहेत, बघा कधीतरी.

पण तेव्हा देश घडायचा होता आणि चित्रकाराला घडवणाऱ्यांनी स्वतःहून बोलावलं होतं. आज अभिमान दाखवायला सरकारकडे जाहिरात खातं आहे, २६ जानेवारीचे चित्ररथ आहेत, सगळ्या पक्षांचे फ्लेक्स आहेत, त्यात अजून एकाने भर घालून काय होणार? आणि दुखरी जागा दाखवली म्हणजे देश आवडत नाही असं कुठे असतं. त्याच दालनात कर्नाटकचे जी. आर. इरण्णा ह्यांचं 'नावु' होतं, भिंतभर शेकडो लाकडी खडावा, प्रत्येक खडावेवर वेगवेगळ्या माणसांच्या कामाच्या, कलेच्या काहीबाही खुणा. ते बघून मला तरी वाईट वगैरे वाटलं नाही, माणसं चाललीत एवढंच वाटलं.

प्रश्न: मी लालबागचा. ९२-९३ ला मी सातवीत होतो. त्या दंगलीवर कोणी चित्रकाराने काही केलं का, की सगळे गप्प बसले? (मुंबई)

गप्प नाही बसले. उलट बऱ्याच जणांचं काम त्या दोन महिन्यांनंतर बदललंच, म्हणजे नुसतं कॅनव्हासवर रंगवून भागेना असं झालं.

विवान सुंदरम ह्यांनी १९९३ मध्ये 'मेमोरियल' केलं. पेपरात होशी जल ह्यांनी काढलेला एक फोटो आला होता, रस्त्यावर पडलेला एक मेलेला माणूस, एकटा. कोण कुठला काही नाही. विवानने तो एकच फोटो घेतला आणि परत परत वापरला, कुठे त्यावर खिळे ठोकले, कुठे झाकला, कुठे त्याच्यासाठी काहीतरी थडग्यासारखं बांधलं, आणि पत्र्याच्या ट्रंका रचून एक कमान केली. राष्ट्रीय स्मारकाला असतं तसं प्रवेशद्वार, पण आत जाऊन भेटतो कोण, तर ज्याचं नाव कुठल्याच दगडावर कोरलं जाणार नाही तो माणूस. पेपर दुसऱ्या दिवशी रद्दीत जातो आणि तो माणूसही त्याच्याबरोबर जातो, हे विवानला होऊ द्यायचं नव्हतं.

रुमाना हुसैन आधी चित्रं रंगवायच्या, त्यानंतर फुटलेली मातीची मडकी आरशावर मांडायला लागल्या. अर्धं मडकं आरशावर ठेवलं की प्रतिबिंबामुळे पूर्ण गोल दिसतं, आणि जरा बाजूला सरकलात की कळतं अर्धंच आहे. १९९९ मध्ये त्या गेल्या, फार लवकर. ठाण्यात रेडिओलॉजिस्ट म्हणून प्रॅक्टिस केलेले सुधीर पटवर्धन, लोकलमधली आणि इराण्यातली माणसं रंगवणारे, त्यांनी १९९६ ला 'रायट' रंगवलं. एरवी त्यांच्या चित्रात माणसांविषयी एवढी माया असते की हे चित्र बघताना दचकायला होतं, कारण मारणारीही तीच माणसं आहेत, रोज गाडीत आपल्या शेजारी उभी असतात ती.

आणि तुम्ही लालबागचे म्हणजे तुम्हाला अतुल दोडियांचं शटर बघायलाच पाहिजे. घाटकोपरचा माणूस, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेला. दंगल किंवा बंद म्हणलं की मुंबईत पहिला आवाज कुठला येतो, तर खाडकन शटर पडल्याचा. दोडियांनी खरीखुरी दुकानाची रोलिंग शटरं घेतली आणि त्यावर चित्रं काढली. एकावर महालक्ष्मी आहे, अगदी कॅलेंडरातली, रविवर्म्याच्या मळवलीच्या प्रेसमधून निघून आपल्या आज्यांच्या देवघरात पोचली ना, त्या घराण्यातली. सुंदर, कमळात, नाणी वगैरे. आता शटर वर ढकला. मागे कॅनव्हासवर कानपूरच्या तीन बहिणी, हुंड्याला पैसे नाहीत म्हणून एकत्र गळफास घेतलेल्या. पुन्हा शटर खाली ओढलं की लक्ष्मी, आणि दोन्ही एकदम कधीच दिसत नाहीत, एक बघायचं तर दुसरं झाकावंच लागतं. ह्यावर मला अजून काही लिहायची गरज वाटत नाही.

प्रश्न: आम्हाला हा प्रश्न नागपुरात कायम पडतो. चित्रकार 'राष्ट्राचा इतिहास' म्हणतात तेव्हा तो कोणाचा असतो? गांधी-नेहरू झालं, महाड कुठे आहे? (नागपूर)

बरोबर पकडलंत, आणि तुमच्या शहरापासूनच सुरू करू. सवी सावरकर मूळचे नागपूरचे, पुढे दिल्लीच्या आर्ट कॉलेजात शिकवायचे. गळ्यात मडकं अडकवलेला अस्पृश्य, देवदासी, पुरोहित, हे सगळं त्यांनी एचिंगमध्ये, म्हणजे धातूच्या पत्र्यावर कोरून छापलेल्या चित्रांत, आणि रंगात असं काढलं की गॅलरीवाल्यांना भिंतीवर लावायची भीती वाटावी. बरीच वर्षं कलेच्या जगाने त्यांना टाळलंच असं माझं स्पष्ट मत आहे.

महाडचं म्हणाल तर पुण्याच्या राज्यश्री गुडी ह्यांचं २०१७ चं एक काम सांगते, पाण्याची जात कुठली असा प्रश्नच त्याचं नाव आहे. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब चवदार तळ्याचं पाणी प्यायले हे शाळेत शिकवतात, पण त्यानंतर ते तळं 'शुद्ध' करून घेतलं हे पटकन कोणी सांगत नाही. १०८ घागरी पाणी उपसून त्यात शेण, गोमूत्र, दूध, दही घालून मंत्र म्हणत परत तळ्यात ओतलं. गुडींनी १०८ काचेचे ग्लास मांडले आणि त्यात पंचगव्य. बास, भाषण नाही, बाबासाहेबांचा फोटो नाही, निळा रंग नाही. पाहुण्याला पाणी देतो तसले साधे ग्लास रांगेत उभे, आणि त्यात तुम्ही पिऊच शकणार नाही अशी गोष्ट. आपल्या हातून कोणी पाणी घेत नाही हे ज्याने भोगलंय त्याला हे काम समजवायला लागणार नाही, आणि ज्याने नाही भोगलं त्याला पहिल्यांदा मळमळेल आणि मग कदाचित डोकं चालेल. त्यांनीच मराठी दलित आत्मकथनांमधले अन्नाचे उल्लेख, शिळे तुकडे, मेलेल्या जनावराचं मांस, पंगतीतलं उष्टं, हे सगळे घेऊन त्यांच्या रेसिपी लिहिल्या, तुम्ही हे घ्या, असं करा, अशा चालीवर. इन्स्टावर रोज आजीच्या हातच्या विसरलेल्या पारंपरिक पदार्थांचं कौतुक चाललेलं असतं ना, त्याच्या शेजारी ठेवून वाचा.

प्रभाकर कांबळे ह्यांची 'उतरंड' नावाची शिल्पं आहेत, मडक्यांवर मडकी रचलेली, २०२२ च्या बर्लिन बिएनालेत लागली होती. उतरंडीत सगळ्यात खालच्या मडक्यावर किती वजन येतं हे मराठी घरात कोणाला सांगावं लागतंय? विक्रोळीचे विक्रांत भिसे दलित पँथर आणि नामांतराचे मोर्चे मोठमोठ्या कॅनव्हासवर रंगवतात, गर्दीच गर्दी. तर हे सगळं आहे. तुमची तक्रार मात्र तरीही खरीच, कारण परदेशात भारताचं दालन लागतं तेव्हा गांधी पहिल्या खोलीत असतात आणि महाड कुठल्याच खोलीत नसतं.

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलीच्या वर्गात लाहोरच्या कुटुंबातली एक मैत्रीण आहे आणि फाळणीवर दोघींना प्रोजेक्ट करायचंय. मी सोलापूरची, आमच्याकडे फाळणीचं कोणी काही बोललंच नाही. तिला काय दाखवू? (न्यू जर्सी)

आपल्याकडे फाळणी झालीच नाही असं आपण धरून चालतो हे खरंय, पण उल्हासनगर काय हवेतून आलं का? कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासितांना आणून ठेवलं, तेच पुढे शहर झालं. आणि १९४७ मध्ये मुंबईत मोहम्मद अली रोडवर जमावाने एका माणसाला ठार मारताना तरुण तैयब मेहतांनी खिडकीतून पाहिलं होतं, ते त्यांच्या चित्रांतून आयुष्यभर गेलं नाही.

मुलीला तीन गोष्टी दाखवा. पहिली नलिनी मलानींची. जन्म १९४६ कराची, वर्षभरात घर सुटलं. मे १९९८ मध्ये पोखरणला आणि लगेच पाकिस्तानातही अणुचाचण्या झाल्या, त्याच वर्षी त्यांनी उर्दू लेखक मंटोच्या 'टोबा टेक सिंग' ह्या कथेवरून एक व्हिडिओ मांडणी केली आणि ती लागली कुठे, तर मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, जिथे शाळेच्या सहली येतात तिथे. जमिनीवर पत्र्याच्या ट्रंका, त्यात टीव्ही, त्यावर निर्वासितांची, स्फोटांची दृश्यं. आणि समोरासमोरच्या दोन भिंतींवर दोन बायका, एक इकडची एक तिकडची, मिळून एका साडीची घडी घालायचा प्रयत्न करतायत. साडीची घडी दोघींनी घालायची तर टोकं जुळावी लागतात, एकमेकींच्या जवळ यावं लागतं. ते होत नाही. दोन्ही मुलींना हे सांगा, त्यांना बाकी काही समजावायला लागणार नाही.

दुसरी झरीना हाश्मींचा 'डिव्हायडिंग लाइन', २००१ चा वुडकट, म्हणजे लाकडी ठशाने छापलेलं चित्र. कागदावर फक्त एक वाकडीतिकडी काळी रेघ, फाळणीची सीमा आखणाऱ्या रॅडक्लिफची. गावांची नावं नाहीत, दिशा नाही, काही नाही. त्या अलिगढच्या, आणि पुढे १९५९ मध्ये घरचे कराचीला गेले.

तिसरी शिल्पा गुप्तांचा दोऱ्याचा गोळा. काचेच्या पेटीत हाताने गुंडाळलेला दोरा, अंड्याच्या आकाराचा, आणि खाली पाटी. कामाचं नाव '१:१४.९' म्हणजे प्रमाण: भारत-पाकिस्तानमधल्या कुंपण घातलेल्या १,१८८.५ मैलांच्या सीमेच्या तुलनेत त्या दोऱ्याची लांबी. सरकारी आकडा दशांश चिन्हासकट, आणि हातात धरता येईल असा गोळा. मैत्रिणींना करून बघण्यासारखं काही हवं असेल तर गुप्तांचंच अजून एक, त्यांनी १०० माणसांना आपल्या देशाचा नकाशा आठवून काढायला सांगितला होता. तुमच्या घरी करा, तुम्ही काढा, मुलीला काढायला सांगा, त्या मैत्रिणीच्या आईलाही सांगा. काश्मीरपाशी पेन्सिल कशी थांबते ते बघा.

प्रश्न: ताई, मी जीडी आर्टला (चित्रकलेच्या डिप्लोमाला) आहे. मला तिरंग्यावर काम करायचंय पण घरचे म्हणतात केस होईल. खरंच होते का? (सांगली)

घरचे अगदीच चुकीचं बोलत नाहीयेत, म्हणून नीट वाच. १९७१ चा राष्ट्रीय प्रतीकांच्या अवमानाविरुद्धचा कायदा आहे, त्यात सार्वजनिक ठिकाणी झेंडा जाळणं, फाडणं, विद्रूप करणं वगैरेला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. आणि तुझ्यासारखीने लक्षात ठेवायची गोष्ट म्हणजे कायद्याच्या भाषेत झेंड्याचं चित्र, फोटो हेसुद्धा झेंड्यातच धरलंय. झेंड्यावर काही लिहिणं चालत नाही, उशीवर, रुमालावर छापणं चालत नाही. कायदेशीर मार्गाने सरकारवर टीका करायला किंवा झेंड्यात बदल सुचवायला मात्र गुन्हा म्हणलेलं नाही, हे त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात आहे. टीशर्ट छापून विकायचा विचार असेल तर १९५० चा बोधचिन्हं आणि नावांचा वेगळा कायदा आहे, तोही बघ.

पण कायदा बाजूला ठेव, तिरंगाच कशाला पाहिजे? पहिल्या वर्षाच्या दहातल्या सात पोरांना तिरंगाच सुचतो, मग त्यातून रक्त गळतं, मग चक्राच्या जागी काहीतरी येतं. शिल्पा गुप्तांनी झेंड्याच्या आकारात एक काम केलंय पण ते पिवळ्या चिकटपट्टीचं आहे, 'इथे सीमा नाही' असं इंग्रजीत छापलेल्या टेपचं, आणि त्या टेपच्या पट्ट्यांवर आकाशाविषयीचा मजकूर. कुठल्या देशाचा झेंडा आहे ते सांगता येत नाही आणि म्हणूनच ते चालतं. तू सांगलीची आहेस, पुरात पाणी कुठपर्यंत आलं ते घराघरांच्या भिंतींवर खुणा करून ठेवलेलं आहे, पत्री सरकार तुमच्या भागातलं, हळदीचा बाजार तुमच्या दारात. ते सोडून तिरंगा का? आधी कशाचं बनवायचं ते ठरव, अर्थ नंतर चिकटतो.

प्रश्न: पुतळे असताना ह्या सगळ्याची गरज काय? (पुणे)

पुतळ्यांना माझा विरोध नाही, पण एक उदाहरण घ्या. १८ फेब्रुवारी १९४६ ला मुंबईत 'तलवार' ह्या नौदलाच्या तळावर खलाशांनी बंड केलं, जेवण वाईट आणि अधिकाऱ्यांच्या शिव्या ही सुरुवात, आणि चार दिवसांत ७८ जहाजं आणि २० हजारांच्या आसपास खलाशी त्यात. गिरणी कामगार रस्त्यावर उतरले, गोळीबारात शहरात दोनशेवर माणसं मेली. पटेल आणि जिना दोघांनीही शरण जा असं सांगितलं, २३ तारखेला संपलं. एवढी मोठी गोष्ट आणि ती कोणाच्याच सोयीची नाही, काँग्रेसच्या नाही, लीगच्या नाही, इंग्रजांच्या तर नाहीच. कुलाब्यात ह्या बंडाचा पुतळा आहे. तुम्ही तिथून कितीदा गेला असाल, आठवतोय का?

विवान सुंदरम आणि अभ्यासक आशिष राजाध्यक्ष ह्यांनी २०१७ मध्ये छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात ह्या बंडावर मांडणी केली. जहाजाच्या पोटासारखा एक मोठा धातूचा सांगाडा, त्यात जाऊन बसायचं आणि ऐकायचं. आवाजाचं काम डेव्हिड चॅपमन ह्या ब्रिटिश साउंड आर्टिस्टचं. बघायला आत काहीच नाही, चारही बाजूंनी आवाज येतात, आणि अंधारात बसलेला माणूस आपोआप खलाशांच्या जागी जातो. बाहेर पडलं की दोन मिनिटांवर तोच समुद्र. पुतळ्यापुढे तुम्ही मान वर करून उभे राहता, इथे बसावं लागतं, हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. पुण्यात राहून पुतळ्यांवर ह्याहून जास्त लिहिण्याची माझी तयारी नाही.

प्रश्न: गोव्याचा इतिहास ह्यात बसतो का? आमचं स्वातंत्र्य १९६१ चं. (म्हापसा)

बसतो आणि मजेशीर बसतो. १८९८ मध्ये, वास्को द गामाला भारतात येऊन चारशे वर्षं झाली म्हणून, साल्गादो नावाच्या पोर्तुगीज चित्रकाराने गामा कालिकतच्या सामुरी राजाच्या दरबारात आलाय असं भव्य चित्र काढलं. बेंगळुरूच्या पुष्पमाला एन. ह्यांनी २०१४ मध्ये तोच दरबार स्टुडिओत नाटकाच्या सेटसारखा उभारला, कापडं, कनाती, दाढ्यामिशा, सगळं, आणि फोटो काढला. वास्को द गामा झाल्यात स्वतः पुष्पमाला. एकदम तियात्राचा, म्हणजे तुमच्या कोंकणी नाटकाचा, थाट आहे, आणि साल्गादोचं मूळ चित्रही तेवढंच नाटकी होतं हे लगेच लक्षात येतं, तोही कधी कालिकतच्या दरबारात नव्हताच ना.

तुमच्याकडचे आंजेलो द फोन्सेका मात्र समकालीन नाहीत, १९६७ ला गेले, पण त्यांना सोडवत नाही. त्यांनी मेरीमातेला साडी नेसवली, गोव्याच्या बाईसारखी रंगवली. पोर्तुगीज राज्यात धर्ममार्तंडांना ते झेपलं नाही, फोन्सेका पुण्यात येऊन राहिले आणि काम तिथेच केलं. त्यांची पुष्कळ चित्रं आता पर्वरीच्या झेवियर सेंटरकडे आहेत, तुम्हाला जवळ आहे. पिळर्णच्या वसाहतीत सुबोध केरकरांचं म्युझियम ऑफ गोवाही बघा, केरकर आधी डॉक्टर होते. मिरची पोर्तुगीजांनी आणली हे तिथे बघून आल्यावर शागुती वेगळी लागते.

प्रश्न: चित्रकार एम. एफ. हुसेनना देश सोडावा लागला ते कोर्टाने सांगितलं म्हणून का? (नाशिक)

नाही, उलट. ८ मे २००८ ला दिल्ली हायकोर्टाने भारतमातेला नग्न दाखवलेल्या त्यांच्या चित्रावरून चाललेल्या केस रद्द केल्या. पण ते २००६ पासूनच बाहेर होते, २०१० मध्ये कतारचं नागरिकत्व घेतलं आणि जून २०११ मध्ये लंडनला वारले. कोर्टात जिंकूनही परत येता आलं नाही. जन्म पंढरपूरचा, हे आपल्या माणसांना अजून सांगावं लागतं.

प्रश्न: ह्यातलं काही फुकटात बघता येतं का? आम्ही कधी गॅलरीत गेलेलो नाही, आत सोडतात का? (कल्याण)

सोडतात हो. काळा घोडा आणि कुलाब्यातल्या खाजगी गॅलऱ्यांना तिकीट नसतं. काचेचं दार बंद असतं, एसी असतो म्हणून. ढकलायचं आणि आत जायचं, टेबलावरचा मजकुराचा कागद मागायचा, तोही फुकट असतो, आणि विकत काय घेणार असं कोणी विचारत नाही. जहांगीरला तर कोणीही जातं. समोर एनजीएमए, म्हणजे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय, आहे, तिथे आणि वस्तुसंग्रहालयात तिकीट लागतं. राणीच्या बागेतल्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात जुन्या वस्तूंच्या मधोमध आजच्या चित्रकारांना काम मांडायला देतात, दोडियांनी तिथे भारतात गावोगावी म्युझियम असावं अशा कल्पनेवर '७००० म्युझियम्स' नावाचं प्रदर्शन केलं होतं. जायच्या आधी फोन करून उघडं आहे का ते विचारा, सुट्टीचा वार प्रत्येक ठिकाणी वेगळा असतो.